सांधा झाकणारी नळी

1890 च्या सुमारास लंडनमध्ये झालेल्या एका प्रात्यक्षिकाचं वर्णन आज वाचतानाही अंगावर काटा येतो. दहा हजार व्होल्टचा प्रवाह चालू असलेल्या केबलवर हॅरल्ड कोल नावाच्या साहाय्यकाने पोलादी छिन्नी टेकवून धरली आणि दुसऱ्याने त्या छिन्नीवर घण घातला. छिन्नी केबल फोडून आत शिरली. कोलच्या केसालाही धक्का लागला नाही. ही केबल रस्त्याखाली पुरणं धोक्याचं नाही, अशी सरकारी अधिकाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी हा सगळा खटाटोप होता, आणि तो घडवून आणणारा माणूस होता सेबास्टियन दे फेरांटी.

फेरांटीने थेम्सकाठी डेप्टफर्डला वीजकेंद्र उभारलं होतं आणि तिथली वीज दहा हजार व्होल्टने शहराच्या मध्यभागी न्यायची होती. एवढ्या दाबाला पुरी पडणारी केबल बाजारात मिळेना. तेव्हा पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या या गड्याने ती स्वतःच बनवली. आत तांब्याची एक नळी, तिच्यावर मेणात भिजवलेल्या तपकिरी कागदाचे थर आणि त्यावर तांब्याची दुसरी नळी. बाहेरची नळी जमिनीला जोडलेली होती, म्हणून छिन्नी धरणारा कोल वाचला. पण ही केबल वीस-वीस फुटांच्या ताठ तुकड्यांतच बनायची, आणि टाकायची होती एकूण 28 मैल. हिशेब केला तर सात हजारांहून जास्त जोड होतात. तांब्याच्या नळीचं एक टोक निमुळतं करायचं, दुसरं त्याला बसेल असं आतून कोरायचं आणि यंत्राच्या दाबाने एकात एक घुसवायचं, असं हे काम सात हजार वेळा करायचं होतं. छिन्नीचा किस्सा इतिहासात राहिला, पण फेरांटीच्या माणसांचा खरा घाम गळला तो या सांध्यांवर.

विजेच्या केबलचं घोडं तेव्हापासून इथेच पेंड खातं. केबल कारखान्यात, छपराखाली, यंत्राच्या नजरेखाली तयार होते. जोड मात्र रस्त्याकडेच्या खड्ड्यात उकिडवं बसून, माणसाच्या हाताने करावा लागतो. कारखान्याने मीटर-मीटर तपासून दिलेलं इन्सुलेशन जोडणारा सुरीने सोलून काढतो आणि मग तेच इन्सुलेशन पुन्हा उभं करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. केबलचा इतिहास लिहिणारे केबलबद्दलच लिहितात. सांध्याचा इतिहास कुणी फारसा लिहीत नाही, कारण तो मातीखाली असतो आणि फॉल्ट झाल्याशिवाय कुणी उकरून बघत नाही.

फेरांटीचा मेणकागद पुढे तेलात भिजवलेला कागद झाला आणि त्यावर शिशाचं आवरण आलं. कागदाला ओल सोसत नाही आणि शिशातून ओल शिरत नाही, म्हणून ही जोडी विसाव्या शतकाचा बराच काळ टिकली. मुंबईत 1905 साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, 1907 मध्ये विजेवरची ट्राम धावली आणि 1947 च्या ऑगस्टमध्ये कंपनी महापालिकेकडे आली. पुढची बेस्ट ती हीच. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेटावरची वीज घराघरांत जमिनीखालून जाते. डोक्यावर तारांचं जाळं नसण्याचं सुख मुंबईकराच्या लक्षातही येत नाही, पण त्या सुखाची किंमत ठिकठिकाणी पुरलेल्या जोडांनी मोजलेली आहे.

कागदी केबलचा जोड हे एक पूर्ण दिवसाचं, कधी त्याहून मोठं प्रकरण असे. जोड करणारा जॉइंटर आणि त्याचा हेल्पर खड्ड्यावर ताडपत्री बांधत, ब्लो लॅम्प पेटवत. शिसं सोलल्यावर पहिलं काम म्हणजे कागदाची परीक्षा. कागदाची एक पट्टी फाडून गरम कंपाउंडमध्ये बुडवायची आणि कान द्यायचा. चरचर आवाज आला, फेस आला, की कागदात ओल शिरली आहे. मग तेवढी केबल कापून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पट्टी गप्प राहिली तर तारा जोडायच्या, त्यावर तेलकट कागदाची पट्टी हाताने वेढत न्यायची, वर शिशाची नळी सरकवायची आणि तिची टोकं ठोकून ठोकून केबलच्या शिशावर बसवायची. त्यानंतर सगळ्यात अवघड काम. वितळलेलं शिसं-कथील सांध्यावर ओतायचं आणि ते थिजायच्या आत चरबी लावलेल्या जाड कापडाने गोलाकार पुसत त्याला आकार द्यायचा. काही क्षण उशीर झाला तर धातू दगड होतो, घाई केली तर गळून पडतो. शेवटी नळीत गरम कंपाउंड भरायचं. ते थंड होताना आकसतं, म्हणून थांबून वरून पुन्हा भरायचं. इतकं करूनही आत एखादी हवेची पोकळी राहिलीच, तर काही वर्षांनी त्याच जागी धमाका.

ही कला होती आणि ती शिकायला वर्षं लागत. वीज कंपन्यांना मात्र कलेपेक्षा खात्री हवी होती. ती खात्री देणाऱ्या वस्तूची मुळं जोड-कामात नाहीतच. ती सापडतात एका फसलेल्या प्रयोगात, एका अणुभट्टीत आणि विमानाच्या वजनात.

फसलेला प्रयोग इंग्लंडातला. 1933 च्या मार्चमध्ये इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या विनिंग्टन इथल्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांनी इथिलीन वायू आणि बेंझाल्डिहाइड प्रचंड दाबाखाली तापवलं. अपेक्षित संयुग मिळालं नाही. भांड्याच्या भिंतीवर पांढरा, मेणचट थर बसलेला दिसला. तेच पॉलिथीन. काही केल्या तो प्रयोग पुन्हा भरवशाने जमेना, ते जमायला 1935 उजाडलं. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच सुमारास पॉलिथीनचा कारखानाही सुरू झाला, आणि हे मेणचट प्लॅस्टिक रडारच्या केबलमध्ये जाऊन बसलं. विजेला अडवण्यात ते पटाईत, पाण्याला दाद न देणारं, वजनाने हलकं. खोट एकच. शंभर-सव्वाशे अंश सेल्सियसच्या दरम्यान ते वितळतं, आणि विजेच्या तारा तर तापणारच.

युद्धानंतर इंग्लंडातल्या हारवेलला अणुसंशोधन केंद्र आलं. किरणोत्सर्गाने वस्तूंची नासाडी कशी होते, हा तिथला मोठा चिंतेचा विषय होता. अणुभट्टीतल्या तारांचं आवरण, गॅस्केट, रबर सगळं काही काळाने ठिसूळ होई. आर्थर चार्ल्सबी यांनी पॉलिथीन भट्टीत ठेवून पाहिलं आणि त्यांना उलटंच काहीतरी दिसलं. किरणांचा मारा सोसलेलं पॉलिथीन तापवलं तर वितळून वाहत नव्हतं, रबरासारखं लवचीक होत होतं. 1952 मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जवळपास त्याच काळात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे संशोधकही वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत प्लॅस्टिकवर सोडून याच निष्कर्षाला पोचले होते.

घडतं ते असं. साध्या पॉलिथीनचे लांबलचक रेणू शिजलेल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, पण कुठेही बांधलेले नसतात. गरम झाले की एकमेकांवरून घसरतात, म्हणून प्लॅस्टिक वाहतं. किरणांच्या माऱ्याने रेणूंवरचे हायड्रोजनचे अणू उडतात आणि शेजारच्या दोन साखळ्या त्या जागी कायमच्या जोडल्या जातात. अशा गाठी पुरेशा पडल्या की घसरण्याला वावच उरत नाही. त्यातून एक गंमत निघते. असं गाठी पडलेलं पॉलिथीन तापवलं, ताणलं आणि ताणलेल्या अवस्थेतच थंड केलं, तर त्यातले स्फटिक थिजून त्याला त्या नव्या आकारात जखडून ठेवतात. पुन्हा तापवलं की स्फटिक वितळतात, जखड सुटते, आणि गाठींचं जाळं सगळं प्लॅस्टिक मूळ आकाराकडे खेचून आणतं. याला प्लॅस्टिकची स्मृती म्हणतात.

स्मृतीची कल्पना तशी नवी नव्हती. एल. एम. करी यांनी अमेरिकेत 1936 मध्येच प्लॅस्टिकच्या या गुणावर पेटंट घेतलं होतं. पण त्यांच्या काळात गाठी मारायला किरण नव्हते, आणि कल्पना कागदावर असणं वेगळं, कारखान्यातून तिचे मैलच्या मैल बाहेर काढणं वेगळं. ते काम पॉल कुक यांनी केलं.

कुक एमआयटीत शिकलेले रसायन अभियंते. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये किरणांच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी हेरलं की, जे इतरांना नुकसान वाटतंय त्यात धंदा आहे. 1957 मध्ये जेम्स मीकल आणि रिचर्ड मचमोर यांना बरोबर घेऊन त्यांनी रेडवूड सिटीत कंपनी काढली. सुरुवातीचं नाव रेथर्म, लवकरच ते रेकेम झालं. त्या वेळी सिलिकॉन व्हॅली हे नाव जन्माला यायचं होतं. इलेक्ट्रॉनांचा झोत फेकणारं यंत्र अवाढव्य महाग, ते बसवायचं जाड भिंतींच्या खोलीत, आणि त्यातून बाहेर काय पडणार तर तार आणि नळी. सावकाराने कपाळाला हात लावावा असाच हा बेत होता.

गिऱ्हाईक मिळालं ते विमान बनवणाऱ्यांचं. विमानात मैलोगणती तारा असतात आणि वजनाचा प्रत्येक ग्रॅम इंधन खातो. किरण दिलेलं आवरण पातळ असूनही उष्णता सोसत होतं, म्हणजे तार हलकी झाली. तारेबरोबर नळीही आली. किरण दिलेली नळी तापवून आत हवेचा दाब द्यायचा, ती फुगली की त्याच अवस्थेत थंड करायची, की झाली विक्रीला तयार. विकत घेणारा ती सांध्यावर सरकवतो, गरम हवा देतो, आणि नळी आपोआप आक्रसून सांध्याला घट्ट मिठी मारते. चिकटपट्टी गुंडाळणं नको, हाताच्या ताणावर भिस्त नको. कुक आणि मचमोर यांचं या प्रक्रियेचं पेटंट 1963 मध्ये मंजूर झालं. थर्मोफिट या नावाने ही नळी विकली जाऊ लागली. मूळ व्यासाच्या निम्म्यावर येणारी, तिसऱ्या हिश्श्यावर येणारी असे तिचे प्रकार झाले.

रेकेमच्या डोक्यात ही स्मृती इतकी भिनली की त्यांनी ती धातूतही शोधली. निकेल आणि टायटॅनियमच्या निटिनॉल या मिश्रधातूला असाच आकार आठवतो. त्याची कडी द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत मोठी करायची, नळ्यांच्या टोकांवर बसवायची आणि नुसती सोडून द्यायची. खोलीच्या उबेला ती आवळली जाते. एफ-14 या लढाऊ विमानाच्या हायड्रॉलिक नळ्या अशाच जोडल्या गेल्या. विषयाला जरा सोडून आहे, पण एकाच विचाराने माणसं किती लांब जाऊ शकतात ते यातून दिसतं.

विमानातला सांधा मात्र कोरड्या जागी असतो. रस्त्याखालच्या केबलला चिखल, सांडपाणी आणि पावसाळा असतो. नुसती आक्रसलेली नळी पाणी पूर्ण अडवत नाही, कारण नळी आणि केबल यांच्यात केसाएवढी फट राहतेच. त्यावर उपाय म्हणून नळीच्या आतल्या अंगाला गरम झाल्यावर पातळ होणारा डिंक लावला गेला. नळी आवळते तेव्हा हा डिंक दाबाने प्रत्येक खाचेत शिरतो, थंड झाला की घट्ट बसतो, आणि नळीच्या कडेने थोडा बाहेर ओघळतो. जाणता जॉइंटर ही ओघळ बघितल्याशिवाय ब्लो लॅम्प विझवत नाही.

अकरा हजार व्होल्टच्या केबलमध्ये आणखी एक संकट असतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. अशा केबलच्या इन्सुलेशनवर अर्धवाहक काळा थर असतो, त्यामुळे आतलं विद्युत क्षेत्र चहूबाजूंनी सारखं पसरलेलं राहतं. टोकाला लग, म्हणजे तार जोडायचा धातूचा तुकडा, बसवण्यासाठी हा काळा थर काही अंतरापर्यंत काढावाच लागतो. तो जिथे संपतो त्या कडेवर क्षेत्राच्या सगळ्या रेषा गर्दी करतात. तिथे हवा असेल तर ती सूक्ष्मपणे जळत राहते, इन्सुलेशन पोखरलं जातं आणि एक दिवस टोक फुटतं. जुने जॉइंटर इथे कागदी पट्ट्यांचा शंकू वेढत असत. शंकूचा उतार हाताने जमवायचा, आणि तो प्रत्येकाचा वेगळा.

हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आक्रसणारी नळी बनवणाऱ्यांनी हा शंकू रद्दच केला. त्यांनी खास भरणा मिसळलेली काळी नळी आणली. तिचं द्रव्यच असं की क्षेत्राची गर्दी ती लांबीभर पांगवते. काळ्या थराच्या कडेवर पिवळट, मऊ लांबी गुंडाळायची म्हणजे हवेला जागा उरत नाही, त्यावर ही नळी आक्रसवायची, आणि सगळ्यांत वर लालसर तपकिरी नळी. उघड्यावरच्या टोकाला छत्र्या बसवायच्या, म्हणजे पावसाचं पाणी सलग धारेने खाली उतरत नाही. वरच्या नळीचा तो लाल रंग शोभेचा नाही. साध्या प्लॅस्टिकवर धूळ आणि ओल बसली की पृष्ठभागावरून बारीक प्रवाह वाहतो आणि कोळशाची काळी रेघ उमटते, आणि एकदा रेघ उमटली की वीज तिचीच वाट धरते. तसं होऊ नये म्हणून या नळीत मुद्दाम खनिजांचा भरणा घालतात. पूर्वी जॉइंटरच्या बोटांत असलेलं ज्ञान आता बरंचसं नळीच्या रसायनात शिरलं. 1970 च्या दशकापासून जगभरच्या वीज कंपन्या या सगळ्या वस्तू एकत्र असलेल्या किटकडे वळत गेल्या.

भारतात हा बदल केबलच्या बदलाबरोबर आला. कागद-शिशाच्या जागी एक्सएलपीई केबल आल्या. त्यांतही गाठी पडलेलं पॉलिथीनच असतं, फक्त गाठी बहुतेक वेळा किरणांऐवजी रसायनाने मारलेल्या असतात. ती केबल 90 अंशांपर्यंत सतत चालते. तिच्यावर शिसं पुसायचा प्रश्नच उरला नाही. 1989 मध्ये आरपीजी समूह आणि रेकेम यांनी भागीदारीत रेकेम आरपीजी ही कंपनी काढली. तिचा एक कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. किरणांची विद्या तर त्याआधीच तुर्भ्याला आली होती. भाभा अणुसंशोधन केंद्राने नोव्होसिबिर्स्कच्या बुडकर संस्थेचं आयएलयू-6 हे इलेक्ट्रॉन यंत्र आणलं, ते पुढे वाशीच्या संकुलात गेलं, आणि केबलच्या आवरणाला किरण देण्याचे प्रयोग त्यावरही झाले. त्याही आधी, 1980 मध्ये कुक-मचमोर पेटंटची मुदत संपली आणि नळी कुणीही बनवू लागलं. मूळ रेकेम 1999 मध्ये टायको या अमेरिकी समूहाने विकत घेतली. आज मुंबईच्या लोहार चाळीत आणि पुण्याच्या तापकीर गल्लीत हीट श्रिंक नळी मीटरवर मापून मिळते. ज्या वस्तूसाठी एकेकाळी जाड भिंतींची खोली बांधावी लागली, ती आता मोबाइल चार्जरची वायर दुरुस्त करायला वापरतात.

मग जॉइंटरची गरज संपली का? वीज कंपन्यांच्या फॉल्ट विभागात कुणालाही विचारलं तर उत्तर एकच येईल. नळी आपलं काम करते, चूक बहुतेक वेळा नळीच्या आत झालेली असते. काळा थर सोलताना सुरीचं पातं पांढऱ्या इन्सुलेशनला ओरखडा पाडून जातं. तो ओरखडा नळीखाली झाकला जातो आणि वर्षभराने तिथूनच केबल फुटते. पांढरा भाग घासायला हाताला येईल तो कागद घेतला जातो. खरं तर तिथे वीज न वाहणारे कण असलेला पॉलिश पेपरच चालतो, नाहीतर घासण्यातूनच वाहक धूळ बसते. पुसण्याचा हातही टोकाकडून काळ्या थराकडे जायला हवा, उलटा नाही. ज्योत मऊ हवी, ती नळीभोवती सतत फिरती हवी. मधल्या जोडावर आक्रसवणं मध्यापासून सुरू करून दोन्ही बाजूंना न्यायचं, म्हणजे आतली हवा बाहेर पडते. घाईत दोन्ही टोकं आधी आवळली की हवा मध्ये कोंडते. निळ्या तीव्र ज्योतीने नळी करपली तरी ती आक्रसलेली दिसतेच, आणि तपासणारा समाधानाने सही करून जातो.

ज्योत पेटवायची परवानगी नसते अशा रसायनांच्या आणि तेलाच्या कारखान्यांत आता कोल्ड श्रिंक वापरतात. रबरी नळी आधीच ताणून प्लॅस्टिकच्या सर्पिलाकार गाभ्यावर बसवलेली असते. गाभ्याची पट्टी ओढून काढली की नळी आवळते. तिला दिवा लागत नाही, पण सुरी आणि पॉलिश पेपर तिलाही लागतात.

कागदी केबलच्या जमान्यात जॉइंटर तयार व्हायला वर्षं लागत, म्हणून त्याला मान होता आणि मजुरीही. किट आल्यावर ते काम सोपं झालं असं सगळेच धरून चालले, कंत्राटदार सर्वांत स्वस्त माणूस खड्ड्यात उतरवू लागला, आणि किटच्या खोक्यातला सूचनांचा कागद बऱ्याचदा हात पुसायला जातो. काम सोपं झालं हा समज चुकीचा आहे. किटने जॉइंटरचं अर्धं काम काढून घेतलं, उरलेलं अर्धं पूर्वीपेक्षा बारीक आहे. केबलचं काम काढणाऱ्या सोसायटीने, कारखान्याने किंवा पालिकेने कोटेशनमध्ये किटच्या कंपनीचं नाव जसं मागितलं जातं, तसं जॉइंटरचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही मागावं. आणि खड्डा बुजवण्याआधी कुणीतरी वाकून बाहेरच्या नळीच्या दोन्ही कडांना डिंकाची ओघळ आली आहे का, एवढं तरी बघावं.